यिंगलिंग मिळत नाही, मग काय प्यायचं?

ताई, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. बरीच वर्षं न्यू जर्सीत काढली, आता नोकरी बदलून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलोय. शुक्रवारी रात्री जेवणाआधी दोन बियर, एवढीच माझी सवय, आणि बियर म्हणजे यिंगलिंग लागर. इथे ती कुठल्याच दुकानात नाही. विचारलं की आयपीए, म्हणजे ती भरपूर हॉप्सची कडू बियर, हातात देतात. मित्र म्हणतात, ‘पीत राहा, चव लागेल.’ मला तो कडवटपणा नको. मला माल्टची ती किंचित गोडसर, भाजकी चव हवी आणि दुसरा ग्लासही सहज जावा इतकी ती हलकी हवी. बायको म्हणते, बियर ती बियर, त्यात एवढं काय. हट्ट सोडू, की काही उपाय आहे? डिसेंबरात पुण्या-कोल्हापूरला चाललोय. तिकडे असं काही मिळेल का?
– एक कोल्हापूरकर, फ्रीमाँट

नमस्कार कोल्हापूरकर,

हट्ट मुळीच सोडू नका. तुम्ही मागताय ते कॅलिफोर्नियात मिळतं, फक्त दुकानात दुसऱ्या फळीपाशी जायला हवं. उत्तर आधीच सांगून टाकते: या शुक्रवारी शायनर बॉक आणा, ती नसेल तर मोडेलो नेग्रा. का ते पुढे सांगते, कारण कारण कळलं की उद्या कुठल्याही गावात, कुठल्याही बारमध्ये तुम्हाला तुमची बियर शोधता येईल.

आधी मित्रांबद्दल. ‘चव लागेल’ हे म्हणणं मला पटत नाही. कडू बियर आवडणं ही वरची पायरी आणि साधी लागर आवडणं ही खालची, असं काही नसतं. ब्रुअरीत काम करणाऱ्यांना विचारा, चांगली साधी लागर करणं किती कठीण आहे ते सांगतील. आयपीएमध्ये एखादी चूक झाली तर ती हॉप्सच्या, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, वासाखाली झाकली जाते. लागरमध्ये झाकायला काहीच नसतं. तुमची आवड नेमकी आहे आणि ती तुम्हाला शब्दांत सांगता आली आहे. पत्रातलं ते एक वाक्य दुकानदाराला जसंच्या तसं ऐकवलंत तरी निम्मं काम होईल.

यिंगलिंग इथे का नाही, यात दुकानदाराचा दोष नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, तेव्हा दारूविक्रीचे कायदे ज्या त्या राज्यावर सोपवले गेले. बहुतेक राज्यांनी ब्रुअरी, मधला वितरक आणि दुकान अशी तीन टप्प्यांची व्यवस्था लावली. नव्या राज्यात शिरायचं तर तिथला वितरक गाठा आणि त्याला पुरेल इतका ताजा माल नियमित पाठवा. यिंगलिंग ही पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिलची घरची कंपनी. १८२९ पासून एकाच कुटुंबाकडे असलेली ही अमेरिकेतली सर्वांत जुनी चालू ब्रुअरी. तुम्ही पिता ती लागर त्यांनी १९८७ मध्ये बाजारात आणली आणि पूर्वेकडे ती इतकी रुजली की फिलाडेल्फियातल्या बारमध्ये नुसतं ‘लागर’ म्हटलं की यिंगलिंगच समोर येते. पश्चिमेकडे सरकायची घाई मात्र त्यांनी कधी केली नाही. टेक्सासात ती पोचली थेट २०२१ मध्ये, मोल्सन कूर्स या मोठ्या बियर कंपनीशी भागीदारी करून.

पार्सलने मागवायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेचं सरकारी पोस्ट दारू नेतच नाही. पण न्यू जर्सीतल्या एडिसनहून कुणी पाहुणे येणार असतील तर त्यांना सांगायला हरकत नाही. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांना चेक-इन बॅगेत विमानवाहतुकीच्या नियमांची मर्यादा नाही, त्यामुळे एक सिक्स-पॅक कपड्यांत गुंडाळून सहज येतो. कॅनच आणायला सांगा, बाटल्या नकोत. ही झाली सणासुदीची सोय. दर शुक्रवारची सोय इथेच करायची आहे.

आता तुमच्या ग्लासात नेमकं काय होतं ते बघू. ती तांबूस झाक आणि खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव येते कॅरमल माल्टमधून. बार्ली भिजवून तिला मोड आणतात. साधा माल्ट करायचा तर मोड आलेले दाणे गरम हवेवर वाळवतात. कॅरमल माल्टसाठी मात्र दाणे ओले असतानाच बंद ड्रममध्ये ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ठेवतात. दाण्याच्या आतल्या आत पिठूळ भागाची साखर होते. मग उष्णता वाढवली की ती साखर टरफलाच्या आत तांबूस होते आणि गार झाल्यावर घट्ट बसते. असा दाणा दाताखाली फोडून बघितला तर आतून कडक आणि गोड लागतो. यातली बरीचशी साखर यीस्टला खाता येत नाही, म्हणून ती बियरमध्ये शिल्लक राहते. तुम्ही ‘किंचित गोडसर’ म्हणता ती हीच.

दुसरी गोष्ट मका. यिंगलिंगमध्ये बार्लीबरोबर मकाही असतो. मक्यापासून झालेली साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करतं. त्यातून अल्कोहोल तयार होतं, पण बियरला अंग येत नाही, ती हलकी राहते. मका घातला म्हणजे स्वस्तात काम भागवलं असं बरेच जण नाक मुरडून म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. तुमचा दुसरा ग्लास सहज जातो तो या मक्याच्या जिवावर. माल्टची चव आणि सहज पिता येणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. माल्ट वाढवला की बियर जड होते, हलकी केली की माल्ट निसटतो. यिंगलिंगने हा मेळ साधलाय तो कॅरमल माल्ट आणि मका एकत्र घालून, आणि अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या आसपास ठेवून. पर्याय शोधताना हाच मेळ शोधायचा.

हॉप्सचं तर विशेषच आहे. यिंगलिंगमध्ये क्लस्टर आणि कॅस्केड या दोन जातींचे हॉप्स असतात. हे कॅस्केड म्हणजे तेच, ज्यांच्या ग्रेपफ्रूटसारख्या वासावर कॅलिफोर्नियाची अख्खी क्राफ्ट बियर उभी राहिली. सिएरा नेवाडा या ब्रुअरीने १९८० मध्ये आपल्या पेल एलमध्ये ते भरभरून घातले आणि पुढे सगळी वाट तिकडेच वळली. म्हणजे तुम्हाला हॉप्स मुळातच चालत नाहीत असं नाही. प्रमाण चालत नाही. कडवटपणाचं माप आयबीयूमध्ये देतात आणि बऱ्याच कॅनवर किंवा बारच्या फळ्यावर ते लिहिलेलं असतं. इथल्या आयपीएंचा आकडा ६०-७० सहज असतो. तुम्ही २० च्या वर जाऊ नका.

मग शायनर बॉक का? टेक्सासातल्या शायनर नावाच्या लहानशा गावात १९०९ पासून स्पोत्झल ब्रुअरी आहे, तिथली ही बियर. तांबूस रंग, बार्लीबरोबर मका, ४.४ टक्के अल्कोहोल, कडवटपणा अगदी कमी. कागदावर बघितलं तर यिंगलिंगची सख्खी बहीण, आणि जिभेवरही फार लांब जात नाही. नावातल्या ‘बॉक’ला घाबरू नका. जर्मन बॉक बियर सहा टक्क्यांच्या वरची आणि चांगली भारदस्त असते, ही तशी नाही. टेक्सासबाहेरही ती दूरवर जाते, बेव्हमो किंवा टोटल वाइनसारख्या मोठ्या दुकानात विचारा. फरक सांगायचा तर यिंगलिंगपेक्षा हिच्यात भाजकेपणा थोडा जास्त जाणवतो आणि शेवट जरा लवकर संपतो.

मोडेलो नेग्रा तर फ्रीमाँटच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. मेक्सिकोत अशी माल्टी लागर कशी आली याची हकिगत मोठी आहे. १८४१ मध्ये व्हिएन्नाजवळच्या श्वेशाटला आन्टोन ड्रेअर याने तांबूस लागर काढली. मेक्सिकोवर सम्राट म्हणून आलेल्या ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने ती तिकडे नेली असं लोक रंगवून सांगतात. पण तो तीनच वर्षं टिकला, १८६४ ते १८६७. खरं काम केलं ते नंतर तिथे स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस ब्रुअरांनी. व्हिएन्नात ही बियर नंतर मागे पडली आणि मेक्सिकोत टिकली. डोस एक्विस अंबार हीसुद्धा त्याच वळणाची, ४.७ टक्क्यांची. ती नेग्रापेक्षा पातळ आहे, पण हलकेपणात यिंगलिंगच्या जवळ जाते. घेताना ‘अंबार’च घ्या. हिरव्या बाटलीतली फिकट डोस एक्विस वेगळी, तिच्यात तुम्हाला हवा तो माल्ट नाही.

नेग्राचं अल्कोहोल ५.४ टक्के आहे. तुमच्या नेहमीच्या दोन ग्लासांत पाचव्या हिश्श्याने जास्त दारू पोटात जाईल, हे ध्यानात ठेवा. त्यावर एक चांगली युक्ती आहे. चेक पबमध्ये काळी आणि फिकी बियर एकाच ग्लासात अर्धी-अर्धी ओतून मागवायची जुनी रीत आहे. तसंच इथे करा. मोडेलो एस्पेशियाल ४.४ टक्क्यांची, मक्याची, फिकी लागर. ग्लास तिरका धरून आधी ती निम्म्यापर्यंत ओता, मग नेग्रा सावकाश वरून. रंग तांबूस होतो, अल्कोहोल पाचच्या थोडं खाली येतं, नेग्राचा जडपणा जातो आणि भाजकी चव राहते. एका ग्लासासाठी दोन कॅन उघडावे लागतात, त्यामुळे हे दोघांत करायचं काम. एखादा मित्र बोलवा, आयपीएवाला असला तरी चालेल.

सॅम्युअल अॅडम्स बोस्टन लागर सगळीकडे मिळते आणि दुकानदार तीच सुचवतील. बियर उत्तम आहे, माल्टही भरपूर आहे, पण जर्मन हॉप्सचा कडवटपणा तुमच्या मापाच्या पुढे जातो. तिच्याऐवजी ऑगस्टपासून येणारी त्यांची ऑक्टोबरफेस्ट घ्या. ती खरी गोडसर आणि माल्टी. त्याच सुमाराला पाउलानरची ऑक्टोबरफेस्ट मार्झनही येते. म्युनिचच्या ऑक्टोबरफेस्ट जत्रेतल्या तंबूंत आज फिकट सोनेरी बियर देतात, पण तांबूस मार्झन अमेरिकेत येत राहिली आहे, त्यामुळे या बाबतीत तुम्ही योग्य देशात आहात. मात्र ती ५.८ टक्क्यांची आणि चांगली भरीव असते. तिचा एकच ग्लास पुरे.

म्युनिच धाटणीच्या डंकेल, म्हणजे आयिंगर किंवा होफब्रॉयची काळी लागर, या माझ्या स्वतःच्या फार आवडीच्या. माल्टची चव यांच्याइतकी खोल कुणाची नाही. तरी तुमच्या शुक्रवारला मी त्या सुचवणार नाही. त्यांत मका नसतो, सगळा माल्टच, त्यामुळे पोटाला भरीव लागतात. थंडीत जेवणाबरोबर एखादी जरूर घ्या. बे एरियातल्या एखाद्या बारमध्ये सांता रोझाच्या मूनलाइट ब्रुअरीची डेथ अँड टॅक्सेस नळावर दिसली तर तीही घेऊन बघा. रंग काळाकुट्ट आहे, पण लागर हलकी आहे. रंगावरून बियरचं वजन ठरत नाही, हे तिच्या पहिल्याच घोटात कळतं.

रंगाची उलटी फसगतही होते. कुठलीही ‘अंबर एल’ तांबूस दिसते म्हणून यिंगलिंगच्या जागी घ्याल, तर निराशा होईल. एलचं यीस्ट उबदार तापमानात काम करतं आणि फळांसारखे वास सोडतं. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांत संथपणे आंबवतं आणि पुढे बियर कित्येक आठवडे थंडीत मुरते, म्हणून ती स्वच्छ लागते. तुम्हाला आवडतो तो हा स्वच्छपणाही आहे, पत्रात तुम्ही तो वेगळा लिहिला नाहीत इतकंच. मी इथे नावाने सांगितलेल्या बियर सोडल्या, तर लेबलवर लागर, व्हिएन्ना, मार्झन किंवा डंकेल यांपैकी काही नसेल तेव्हा कॅन परत ठेवा.

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर स्टीम आज असती तर तिच्याबद्दलही लिहिलं असतं. १८९६ पासूनची ती ब्रुअरी लागरचं यीस्ट उबदार तापमानात वापरून स्वतःची वेगळीच तांबूस बियर करायची. जुलै २०२३ मध्ये ती बंद पडली, पुढच्या वर्षी नव्या मालकाने विकत घेतली. माझं मन अजून त्या बातमीत अडकलेलं आहे.

आणल्यावर दोन गोष्टी सांभाळा. कॅनवरची तारीख बघा. माल्टी लागर जुनी झाली की तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि मग आपण उगाच त्या बियरलाच नावं ठेवतो. बाटली घ्यायची तर तपकिरी काचेची. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्स बिघडतात. दुसरं, फ्रिजच्या ३-४ अंशांत माल्ट मुका होतो. दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा आणि ग्लासात ओतून प्या. कॅनमधून थेट प्यायलात तर नाकापर्यंत काही पोचत नाही, आणि ती भाजकी चव निम्मी नाकाचीच असते.

वहिनींना या शोधात सामील करून घ्या. त्या पीत नसतील तरी चालेल, त्यांनी फक्त ओतायचं. मोठ्या दुकानांत वेगवेगळ्या बियरचे सुटे कॅन निवडून सहाचा पॅक करून देतात. शायनर, डोस एक्विस अंबार आणि नेग्रा-एस्पेशियालचं मिश्रण, तिन्ही थोडं थोडं, सारख्या ग्लासांत, नावं न सांगता. तीनपेक्षा जास्त नको, जीभ थकते. मधे पाणी आणि साधा पाव. भडंग आणि शेव तेवढा वेळ बाजूला ठेवा, मीठ-तिखटाने कडू-गोडाचा अंदाज चुकतो. त्या रात्री गाडी बाहेर काढायची नाही, हे सांगायला नकोच.

एकदा बियर ठरली की भडंग जरूर घ्या. कोल्हापुरी जेवणाला तुमचीच आवड बरोबर आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय. हॉप्सचा कडवटपणा आणि जास्तीचं अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग भडकवतात. तांबड्या रश्श्यावर किंवा ठेच्यावर आयपीए प्यायली की तोंड पेटतं आणि बियर नुसती कडू लागते. माल्टचा थोडा गोडवा तिखटाला धरून ठेवतो, आणि सुक्या मटणाच्या भाजलेल्या मसाल्याशी भाजलेल्या माल्टची चव जुळते. मित्रांना एकदा घरी सुकं मटण करून दोन्ही बियर समोर ठेवा आणि बोलू नका. जेवण झाल्यावर कुठली संपली ते बघा.

आता डिसेंबर. भारतातल्या दुकानांत मिळणाऱ्या बाटलीबंद लागर बहुतेक फिकट असतात. स्वच्छ आणि थंडगार प्यायला बऱ्या, पण माल्टची चव नाहीच म्हणा. गोडसर काहीतरी पाहिजे म्हणून कुणी स्ट्राँग बियर पुढे केली तर घेऊ नका. तो गोडवा वेगळा, आणि सात-आठ टक्क्यांचं अल्कोहोल घशाला जाणवतं. पुण्यात मात्र तुमची सोय होईल. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि त्यानंतर शहरात बऱ्याच निघाल्या. त्यांची यादी सतत बदलते, म्हणून नाव धरून जाऊ नका. गेल्यावर विचारा: व्हिएन्ना, मार्झन, डंकेल किंवा अंबर लागर यांतलं आज नळावर काही आहे का? असेल तर आधी छोटा टेस्टर मागा, बहुतेक ठिकाणी देतात. नसेल आणि त्यांनी गव्हाची बियर सुचवली तर ती छान असेल, पण केळी-लवंगांच्या वासाची. तुमच्या शुक्रवारची नव्हे. कोल्हापुरात घरी बसणार असाल तर साधी माइल्ड बियर आणा, बाटलीवरचा उत्पादनाचा महिना बघून, जितकी ताजी मिळेल तितकी.